बलोपासनेचा हिशोब : काट्याचा नव्हे, फितीचा
(निमगाव सावा, ता. जुन्नर येथील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्नर-आंबेगावच्या भागात बैलाची जोपासना कशी करावी, हे कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. शर्यतीच्या घाटात उतरवावयाचा बैल एका महिन्यात तयार करून देतो, असे कुणी म्हणू लागला, तर पारावरची माणसे त्याच्याकडे पाहून नुसती हसतील. खोंड पारखून घ्यावा लागतो, खुराक बेताबेताने वाढवावा लागतो, रोज फिरवावे लागते आणि तितक्याच काळजीने विसावाही द्यावा लागतो. बैल नुसता पोसलेला असून भागत नाही. त्याच्या अंगात दम किती आणि चरबी किती, हे जाणता शेतकरी हात फिरवून ओळखतो.

बैलाच्या बाबतीत एवढा धीर आणि एवढी पारख असलेला हाच समाज स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र कमालीचा अधीर झाला आहे. 'एका महिन्यात दहा किलो वजन घटवा' अशी पाटी दिसली की शहाणीसुरती माणसे पैसे मोजतात. 'तीन महिन्यांत पिळदार शरीर' असे ऐकले की विशीतला तरुण डबाबंद भुकटी घरी आणतो. महिना सरतो, दहा किलो घटत नाहीत, शरीर पिळदार होत नाही आणि मग 'हे आपल्याच्याने व्हायचे नाही' असे म्हणून व्यायामच सुटतो. वस्तुतः अपयश त्या माणसाचे नसते. ध्येयच खोटे ठरविलेले असते. म्हणून शरीरातील मेद घटविणे आणि स्नायूंचे बळ वाढविणे या दोन गोष्टींत खरे, पेलणारे ध्येय कोणते, याचा आज रोकडा हिशोब मांडावयाचा आहे.

पाणी आले, कष्ट ओसरले

येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या परिसराचे रूप पालटले. ऊस आला, बागायत आली, दुधाचा पैसा आला. मोटेच्या जागी पंप आले, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आणि मळ्यापर्यंतची पायपीट दुचाकीने संपविली. ही समृद्धी कष्टाने मिळविलेली आहे आणि तिचा अभिमानच बाळगावयास हवा. परंतु श्रम अर्ध्यावर आले तरी ताटातले अन्न मात्र आजोबांच्याच मापाचे राहिले. शिवाय त्यात साखरेचा चहा, फरसाण आणि तळणाची भर पडली.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. हे वाचून खेड्यातल्या माणसाला हायसे वाटेल. पण त्याच पाहणीतील पुढचा आकडा डोळे उघडणारा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचे प्रमाण शहरात १५.४ टक्के आणि खेड्यात १५.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. शहरात जे आज आहे, ते खेड्याच्या दारात येऊन उभे आहे, असाच याचा अर्थ.

किडकिडीत देहातील मेद

'आमचा मुलगा किडकिडीत आहे, त्याला मेदाची काय भीती?' असे अनेक घरांत म्हटले जाते. या प्रश्नाचे उत्तर जगाला पुण्याने दिले, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास आरंभिला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे वजन सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे लांबीने, स्नायूंनी, सर्वच बाबतींत लहान होती. मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. बाळ हडकुळे, पण तुलनेने मेदयुक्त, अशी ही अवस्था होती. आपल्या लोकांत मेद राखण्याची आणि स्नायू कमी असण्याची प्रवृत्ती जन्मापासूनच असते, असा याचा इत्यर्थ.

पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी एकच. परंतु यंत्राने शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या देहात तो ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाला. संशोधकाने स्वतःचाच देह पुराव्यादाखल जगापुढे ठेवावा, ही वैज्ञानिक प्रामाणिकपणाची पराकाष्ठाच म्हटली पाहिजे.

या संशोधनातून आपल्यासाठी पहिला धडा निघतो. आपले ध्येय वजनकाट्यावर ठरू शकत नाही. काटा मेद आणि स्नायू यांत भेद करीत नाही. उपाशी राहून पाच किलो घटविलेल्या माणसाने त्यांतले दीड-दोन किलो स्नायूच गमावलेले असू शकतात. तो हलका होतो, पण अशक्तही होतो. आणि पुन्हा पूर्वीप्रमाणे जेवू लागला की परतून येतो तो मुख्यतः मेद. आधीच स्नायूंनी तोकड्या असलेल्या समाजाला हा व्यवहार परवडणारा नाही.

म्हणून माप घ्यावे ते फितीने. सकाळी उपाशीपोटी, श्वास सहज सोडून, खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर शिंप्याची फीत आडवी धरावी. भारतीयांसाठी ठरविलेली मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच आहे. वजनाचा निर्देशांकही आपल्याकडे २३ ओलांडला की सावध व्हावयाचे असते. पाश्चात्त्यांची २५ ची मर्यादा आपल्याला लागू नाही.

किती घटेल, किती वाढेल

आता प्रत्यक्ष हिशोब. एक किलो मेदात ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. खर्चापेक्षा रोज ५०० कॅलरी कमी पोटात गेल्या, तर आठवड्याची तूट ३,५०० होते, म्हणजे साधारण अर्धा किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही आठवड्याला अर्धा किलो हीच सुरक्षित गती मानली आहे. पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन-तीन किलो उतरलेले दिसतात, ते बहुतांशी पाणी असते. त्यावर हुरळून जाऊ नये आणि पुढे गती मंदावली म्हणून खचूही नये. ८० किलो वजनाच्या माणसाने सहा महिन्यांत चार ते आठ किलो घटविणे, म्हणजे वजनाच्या पाच ते दहा टक्के, हे पेलणारे ध्येय होय. एवढ्यानेही रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत फरक पडतो.

ही ५०० कॅलरींची तूट आणावयाची कोठून? दिवसाकाठी पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर दहा चमच्यांच्या सुमारे २०० कॅलरी होतात. स्वयंपाकातील दोन मोठे चमचे तेल प्रत्येकी कमी केले, तर आणखी सुमारे २४० कॅलरी. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२५ साली 'मन की बात'मधून घराघरांत तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, ते याच हिशोबाला धरून होते. भाकरी सोडण्याची, भात वर्ज्य करण्याची वा एकाच फळावर दिवस काढण्याची काहीही आवश्यकता नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड आणि बटाट्याचा कीस यांनी एरवीपेक्षा अधिकच कॅलरी पोटात जातात. उपवासाचा संयमाचा मूळ हेतू ध्यानी घेतला, तर हाच दिवस आपल्याला उपकारक ठरेल.

स्नायूंचा हिशोब याहून धीराचा आहे. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या तरुणाने आहार, व्यायाम आणि झोप तिन्ही नीट सांभाळली, तर आरंभीच्या काही महिन्यांत महिन्याला अर्धा ते फार तर एक किलो स्नायू वाढतात. स्त्रियांत याच्या निम्मे. वर्षभरानंतर ही गती आणखी मंदावते. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने तर असलेले स्नायू टिकवून शक्ती वाढविली, तरी तो मोठाच लाभ. कारण तिशीनंतर व्यायामाविना स्नायू दर दशकाला झिजतच जातात. म्हणून कुणी महिन्यात पाच किलो स्नायू वाढवून देतो म्हणाला, तर तो खोटे तरी बोलतो आहे किंवा काहीतरी घातक विकतो आहे, असे खुशाल समजावे.

हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. भुकटीच्या नावाखाली आणि त्यापुढे जाऊन सुईच्या वाटेने जी संप्रेरके तरुणांच्या शरीरात सोडली जातात, ती हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांवर घाला घालतात. ज्या घराने मुलाला पोटाला चिमटा घेऊन वाढविले, त्या घराचा आधारच त्यातून खचतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या उपरोक्त मार्गदर्शनात शरीरसौष्ठवासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असे स्पष्ट सांगितले आहे.

मग प्रथिने कोठून मिळवावयाची? आपल्याच घरातून. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. नेटाने बळाचा व्यायाम करणाऱ्याने ती ७० ते ९० ग्रॅमपर्यंत न्यावीत. अर्धा लिटर गाईच्या दुधात १६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या डाळीत १२, तेवढ्याच मोड आणावयाच्या मटकीत १२, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ आणि बाजरीच्या तीन भाकऱ्यांत १८-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज ६५ च्या पुढे जाते. ज्यांना अंडी चालतात, त्यांना दोन अंड्यांतून आणखी १२ ग्रॅम मिळतील. गावातले दूध गाडीत घालून शहरात धाडावयाचे आणि त्या पैशांतून शहराची भुकटी विकत आणावयाची, यात कसला शहाणपणा?

व्यायाम कुठे आणि कसा

'पहाटे उठून फिरावयास जा' हा सल्ला पुस्तकात शोभतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात, आणि या टापूतल्या उसात बिबट्याचे वास्तव्य आहे, हे येथील लहान मूलही जाणते. अंधारात उसाच्या कडेने एकट्याने फिरणे म्हणजे धाडस नव्हे, अविचार होय. शिवाय शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली की शेतकऱ्याची झोपही मोडलेली असते. तेव्हा ध्येय ठरविताना आपल्या गावचे वास्तव प्रथम मांडावे. चालणे उजेडात, शक्यतो चार जणांच्या सोबतीने व्हावे. बाकीचा व्यायाम अंगणात, शाळेच्या पटांगणात किंवा मारुतीच्या देवळापुढे. रात्रपाळी झाली, तर दुसऱ्या दिवशी मेहनत निम्म्यावर आणावी. झोप हाही व्यायामाचाच भाग आहे.

व्यायामाची साधने महाग असावी लागतात, हाही गैरसमज आहे. समर्थ रामदासांनी मारुतीची स्थापना केली, ती बलोपासनेचे केंद्र म्हणूनच. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा देशभर आणि देशाबाहेर प्रसार केला, त्याला सतरंजीएवढी जागा पुरते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखविले. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मुद्गल, दोरीवरच्या उड्या आणि पाण्याने भरलेल्या बादल्या उचलून चालणे, एवढ्यावर उत्तम शरीर घडते. आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम आणि एकूण १५० मिनिटे झपाझप चालणे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. ध्यानात ठेवावयाचे सूत्र एकच : भार हळूहळू वाढला पाहिजे. आज आठ जोर, पुढल्या आठवड्यात नऊ. जो वर्षभर रोज तेच बारा नमस्कार घालतो, त्याची प्रकृती राहते, पण बळ वाढत नाही. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणारे, हृदयविकार असलेले आणि पन्नाशीनंतर नव्याने आरंभ करणारे यांनी आधी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

माता-भगिनींविषयी स्वतंत्रपणे बोलावयास हवे. घरात सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणारी माउली बारीक दिसते, म्हणून निरोगी ठरत नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात ज्या मातांच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक होती, त्यांच्या बाळांची वाढ अधिक चांगली आढळली. तेव्हा तरुण मुलीचे ध्येय 'सडपातळ दिसणे' हे नसावे. अंगात रक्त, हाडांत बळ आणि दंडांत शक्ती हे असावे. पुढच्या पिढीचा मधुमेह टाळण्याचा आरंभ या पिढीच्या मुलींच्या ताटापासून होतो. कुटुंब प्रबोधनाच्या निमित्ताने घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे असे सांगितले जाते. त्यात ताटे एकाच वेळी वाढली जातात, हा आरोग्याचाही लाभ आहे.

नित्यतेचे सामर्थ्य

१९२५ च्या विजयादशमीला नागपुरात डॉ. हेडगेवारांनी जे कार्य आरंभिले, त्याची पद्धती फार साधी होती. रोज, ठरलेल्या वेळी, एक तास, मैदानावर. त्यात एका दिवसात पराक्रम गाजविण्याचा आग्रह नव्हता. एकही दिवस चुकू नये, हा आग्रह होता. शंभर वर्षांचा तो वृक्ष या रोजच्या तासावर वाढला. शरीराचेही शास्त्र हेच आहे. जोशात केलेल्या तीन तासांपेक्षा नेमाने केलेली चाळीस मिनिटे श्रेष्ठ.

खाशाबा जाधवांचे उदाहरण याच संदर्भात आठवावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात सहावा आला. परत येऊन त्याने चार वर्षे मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोन गटांतला फरक अवघा पाच किलोंचा आणि मधला काळ चार वर्षांचा. देशातल्या सर्वश्रेष्ठ मल्लाला जिथे चार वर्षे लागली, तिथे इतरांनी चार आठवड्यांची मुदत घालून घेण्यात काय अर्थ?

तेव्हा येथून उठताना प्रत्येकाने एक वही करावी. पहिल्या पानावर आजची तारीख, कमरेचे माप, एका दमात निघणारे जोर आणि बैठका, एवढेच लिहावे. वजन लिहावयाचे तर आठवड्यातून एकदाच. पुढचे मोजमाप तीन महिन्यांनी. तेवढ्या अवधीत कंबर दीड-दोन इंच उतरली आणि जोरांची संख्या दीडपट झाली, तर मार्ग बरोबर आहे, मग काट्यावर अवघे दोन किलो का कमी झालेले दिसेनात. तीन महिन्यांत काहीच हलले नाही, तर स्वतःला दोष न देता चहा, तेल आणि झोप यांचा हिशोब पुन्हा तपासावा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांचे आकडे त्याच वहीत लिहावेत. आरशातल्या दंडापेक्षा ते आकडे अधिक खरे बोलतात. वृद्धांनी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते मोजावे.

आणि वर्षअखेरीची परीक्षा हवी असेल, तर ती आपल्याच तालुक्यात उभी आहे. शिवजन्माने पावन झालेल्या शिवनेरीचे सात दरवाजे, न थांबता, न धापा टाकता, घरातील लेकरांच्या सोबतीने चढून जावेत. गेल्या वर्षी तिसऱ्या दरवाज्याशी बसावे लागलेला गृहस्थ यंदा शिवाईच्या चरणी उभा राहून शांतपणे बोलू शकला, तर त्याने ध्येय गाठले, असे निःशंक म्हणावे. काट्याचे प्रमाणपत्र त्याला लागणार नाही.